गुरुजी खड्ड्यात पडले नव्हते

मध्या,

तुझ्या बेसण्याला, म्हणजे इथल्या पद्धतीच्या शोकसभेला, एवढी गर्दी झाली की चपला जिन्यावर, मग जिन्याखाली, आणि शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी जयंतीभाई यांच्या स्कूटरभोवती काढाव्या लागल्या. मी दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नमस्कार घेत होतो. दुःख होतंच. पण तुझ्याशी काय लपवायचं? एकेक चेहरा आत जाताना मी मनात म्हणत होतो, हा माझ्या वेळी येईल. हा नाही येणार. ही बाई तर मुळीच नाही. तुझे विद्यार्थी म्हणवणारे टकले गृहस्थ हुंदके देत होते. माझ्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस मला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या पानाच्या गल्ल्याकडे वळतो.

मरणसुद्धा तुला मापात आलं. चहा झाला, पेपर झाला, कुमुदवहिनी आतून म्हणाल्या, "पाणी काढलंय." तू "आलोच" म्हणालास आणि खुर्चीतल्या खुर्चीत गेलास. जो तो म्हणत होता, पुण्यवान. माझे व्याही हसमुखभाई डोळे पुसत म्हणाले, "आवुं मोत तो नसीबवाळाने ज मळे." मी मान हलवली. माझं मला ठाऊक आहे. मी जाईन तेव्हा नाकात नळी असेल, लाइट गेलेली असेल, आणि ज्याला कळवायचं त्याचा फोन एंगेज लागेल.

आपण शाळेत एका बाकावर बसलो तिथपासून हे असंच आहे. तुझे आजोबा बडोदे राज्याच्या दफ्तरात कारकून होते, आणि तू ते दिवाण असल्यासारखं सांगायचास. माझे वडील रेल्वेत फिटर होते, मी फार तर फोरमन म्हणायचो. थापेतसुद्धा तुझी झेप मोठी. पुढे तू संस्कृत घेतलंस, प्राध्यापक झालास. मी डिप्लोमा केला, गोरव्याला शेड घेतली आणि खांब करायला लागलो. रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब, मैदानाचे, पेट्रोलपंपाच्या पाट्यांचे. गावात अंधार पडला की माझं काम दिसतं. पण दिव्याखालून जाताना वर बघून "वा, काय खांब आहे" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

अकोट्याच्या सोसायटीत आपण समोरासमोर घरं घेतली ती तुझ्याच आग्रहामुळे. त्याची फळं मी भोगली. आमची सुधा माझ्या विनोदावर "हं" म्हणते. तोच विनोद सकाळी मी सांगावा आणि संध्याकाळी तू, की ती पदर तोंडाला लावून हसणार. मी एकदा चिडून म्हणालो, "अगं, हाच तर मी सकाळी सांगितला!" तर म्हणे, "हो का? भावजींनी सांगितला तेव्हा कळला."

चितोडचं तर तुला आठवत असेलच. दोन्ही घरची माणसं एका व्हॅनमध्ये कोंबून गेलो होतो. गडावर दोन उंच स्तंभ. एक विजयस्तंभ, दुसरा कीर्तिस्तंभ. मी त्यातल्या मोठ्यापुढे कमरेवर हात ठेवून फोटो काढून घेतला, परत आल्यावर तो मोठा करून शेडच्या ऑफिसात टांगला आणि खाली रंगाऱ्याकडून झोकात लिहून घेतलं, 'कीर्तिस्तंभ, चितोड'. धंदाच खांबांचा, मारवाड्याच्या गादीवर लक्ष्मी असते तसा माझ्या गादीवर स्तंभ. तू ऑफिसात आलास तेव्हा समोर नेमका मुंबईचा एक इंजिनियर बसलेला. तू फोटोकडे पाहिलंस आणि गोड आवाजात म्हणालास, "अरे, हा विजयस्तंभ. कीर्तिस्तंभ दुसऱ्या टोकाला. तिथे आम्ही गेलो तेव्हा तू ऊन लागतं म्हणून गाडीत झोपला होतास." इंजिनियर हसला. ऑर्डर दिली त्याने, पण हसला. दुसऱ्याच दिवशी मी रंगाऱ्याला बोलावून 'कीर्ति' पुसून 'विजय' करून घेतलं.

काही वर्षांनी एका सकाळी तू धापा टाकत शेडवर हजर. स्कूटर स्टँडला न लावता भिंतीलाच टेकवलेली. "शऱ्या, तुझं बरोबर होतं! त्या विजयस्तंभावर जी प्रशस्ती कोरलीय ना, तिच्यातच त्याला कीर्तिस्तंभ म्हटलंय! मी आजच वाचलं." तुझा चेहरा असा उजळलेला, जणू काही तुझंच बरोबर निघालं होतं. मग तुझं लक्ष फोटोखालच्या नव्या अक्षरांकडे गेलं, आणि तू खुर्चीत बसून पोट धरून हसलास. मी त्या दिवशी चहासुद्धा धड विचारला नाही. चूक माझी, ती तू दाखवायची, ठीक. पण मी बरोबर होतो हेही तूच शोधून काढायचंस?

आणि मग मेघनाचं लग्न.

माझी एकुलती एक मुलगी गुजराती घरात पडणार, मुलगा निकुंज सोन्यासारखा, यात मला काही म्हणायचं नव्हतं. म्हणायचं होतं ते हसमुखभाईंच्या सावली गावातल्या प्लांटबद्दल. बाहेरच्या कंपन्या देशात यायला लागल्या तशा त्यांच्या शेडच्या दोन शेड झाल्या, दोनाच्या चार, आणि माझी गोरव्याची शेड होती तेवढीच. लग्नाच्या बोलण्यांत ते म्हणाले, "अमारे त्यां माणेकस्तंभ रोपवानो रिवाज छे." म्हणजे लग्नघरी रंगवलेला, दोरा गुंडाळलेला एक छोटा लाकडी खुंट पुरतात. मी ताबडतोब म्हणालो, "आमच्यातही असतं, मुहूर्तमेढ." आणि घरी येताना माझ्या डोक्यात किडा वळवळला. खांबवाल्याच्या पोरीचं लग्न, व्याही सावलीचे कारखानदार, आणि दारात मेढ म्हणून काय, उंबराची काटकी?

गुरुजी म्हणाले, "लाकूड हवं हो."

म्हटलं, "आंब्याची डहाळी बांधतो ना वर."

बडोद्याचे गुरुजी ते. जन्म गुजरातीत गेलेला. "चालशे," म्हणाले.

मी शेडवर फिटरना सांगितलं, "सोसायटीत एक पोल उभा करायचाय, फर्स्ट क्लास," आणि आमंत्रणं द्यायला निघून गेलो. हीच ती चूक. पोल उभा कर म्हटल्यावर माझी माणसं जे रोज करतात तेच त्यांनी केलं. खड्डा घेतला, फाउंडेशन बोल्टांचा पिंजरा सोडला, काँक्रीट ओतलं, बेसप्लेट कसली, आणि चोरांनी नट काढून नेऊ नयेत म्हणून नटांना वेल्डिंगचे टाके मारले. त्या नटांसाठी मीच त्यांना वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या. संध्याकाळी मी आलो तर दारात चांदीसारखा चकाकणारा, वर निमुळता होत गेलेला, हमरस्त्यावर शोभावा असा खांब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसमुखभाईंचा माणेकस्तंभ त्याच्यापुढे दातकोरणं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी खांबाला हळदकुंकू लावलं, डहाळी बांधली. वरून काँक्रीटचा नवा थर दिला होता, तो ओलाच होता. गुरुजींच्या उपरण्याचं टोक त्यात पडलं आणि वाळून पापडासारखं कडक झालं. एवढंच झालं, मध्या. तुला माहीत आहे. तू तिथे होतास. एवढंच झालं.

खरी गंमत लग्नानंतर. मांडव उतरवताना देवक उठवायचं आणि मेढ हलवायची, की कार्य पुरं झालं. गुरुजी म्हणाले, "हं, यजमान, मेढ हलवा." मी हात लावला. मग दोन हात लावले. मग माझा भाऊ आला. मग हसमुखभाईंनी कोट काढला, "जोर करो, वेवाई, जोर करो!" सोसायटीतले सगळे पुरुष लटकले. खांब म्हणजे खांब. वादळ सोसायला बनवलेला तो, आमच्यासारख्या पोटसुटल्यांना काय दाद देणार?

गुरुजी घाम पुसत म्हणाले, "अहो, ही हलल्याशिवाय कार्य संपत नाही."

आणि तू मागून, अगदी शांतपणे, "गुरुजी, मग जेवणं रोजची धरायची का?"

माहेरपणाला आलेली मेघना हसता हसता जमिनीवर बसली. शेवटी गुरुजींनी चार अक्षता टाकल्या आणि "हलली" असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी मी गॅसकटर मागवला, तर सुधा खांबाला पाठ लावून उभी. "पोरीच्या लग्नाची मेढ कापणार? तुमच्या डोक्यात काय काँक्रीट भरलंय?" गॅसकटर परत गेला. खांब राहिला. आणि तू संध्याकाळी गॅलरीतून खाली बघत म्हणालास, "शऱ्या, आता चितोडला जायला नको. दारातच कीर्तिस्तंभ झाला."

झालं. नवरात्रात गरब्याचे भोंगे त्याच्यावर चढले, केबलवाल्याने वायर त्याच्यावरून नेली, उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, अख्ख्या सोसायटीचे पतंग त्याला अडकायचे. पोरं भेटायचं ठरवताना एकमेकांना सांगायची, "कीर्तिस्तंभ पासे मळीए." रिक्षावालेही म्हणायला लागले. दिवा मात्र त्याच्यावर कोणी लावला नाही. दिव्याच्या खांबांचा कारखानदार मी, आणि माझ्या दारातला एकटाच खांब बिनदिव्याचा.

तू मात्र ती गोष्ट उचललीस. प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत, कोजागरीला, चौघं जमले की कोणीतरी म्हणायचंच, "मधुभाऊ, तो कीर्तिस्तंभ सांगा ना." आणि तू सांगायचास. आणि तुझ्या गोष्टीत गुरुजी मागे सरकत, सरकत, सरकत खड्ड्यात पडायचे. गुडघ्यापर्यंत काँक्रीटमध्ये! "पण मंत्र थांबला नाही हो! खड्ड्यातून स्वाहा, स्वाहा!" मी जागेवरून ओरडायचो, "गुरुजी खड्ड्यात पडले नव्हते!" लोक आणखी हसायचे. पुढे पुढे तर तू माझ्या ओरडण्यासाठी थांबायला लागलास. पडले, असं म्हणून भुवया उंचावून माझ्याकडे बघायचास, मी ओरडायचो, मग पुढे. म्हणजे माझा निषेधसुद्धा तू तुझ्या गोष्टीत बसवलास.

फजिती माझी आणि टाळ्या तुला, हे किती दिवस सहन करायचं? एकदा पुण्याला भाचीच्या लग्नात, तू नाहीस हे पाहून, मी स्वतः ती गोष्ट सांगितली. खरी, जशी झाली तशी. संपल्यावर एका जावयाने विचारलं, "पोलला अर्थिंग केलं होतंत का?"

आपलं भांडण मात्र थट्टेचं नव्हतं. निदान माझ्याकडून नव्हतं. मी म्हणालो होतो, "कीर्तिस्तंभ म्हणतोस तो मला हिणवायला. कीर्ती म्हणजे नाव, लौकिक. बिनदिव्याच्या खांबाला कसला आलाय लौकिक?"

तू चहाचा कप खाली ठेवलास. तू कप खाली ठेवलास की मला धडकी भरायची. "हिणवत नाहीये. कीर्ती या शब्दाच्या मुळाशी लौकिक नाहीच. मुळातला धातू आहे तो सांगण्याचा, उच्चारण्याचा. कीर्तन त्यातूनच आलं. जे सांगितलं जातं ती कीर्ती. चांगलं म्हणून सांगा, फजिती म्हणून सांगा. आणि जुन्या शिलालेखांत तर कीर्ती ही बांधायची वस्तू आहे. अमक्याने कीर्ती केली, म्हणजे देऊळ बांधलं, तळं खणलं."

"आणि स्तंभ? स्तंभ म्हणजे तरी उंची की नाही? की तीही नाही?"

"नाही. स्तंभ म्हणजे घट्ट उभं राहणं, धरून ठेवणं, अडवणं. आपलं थांबणं त्यातलंच. गुजरातीतला थांभलो त्यातलाच. इथलं खंभातसुद्धा त्याच घरातलं म्हणतात. उंचीचा काही संबंध नाही, शऱ्या."

उंचीचा काही संबंध नाही! खांब करण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हे सांगायचं? माणसं माझ्याकडे येऊन पहिला प्रश्न विचारतात तो उंचीचा. मी म्हणालो, "तुझ्या हिशेबाने मग टेलिफोनचा खांब हा सगळ्यात मोठा कीर्तिस्तंभ. सांगणंच सांगणं."

तू टाळी दिलीस. "आता कळायला लागलं तुला!"

पुढे तेही माझ्यावरच उलटलं. मोबाइल यायला लागले तेव्हा एक कंपनीवाला गोरव्याला आला, टॉवर कराल का म्हणून. मी त्याला म्हणालो, "चालता चालता फोनवर बोलायला लोक काय वेडे आहेत?" आणि परत पाठवला. ते काम सावलीला गेलं, कोणाकडे ते सांगायला नको. हसमुखभाईंच्या आणखी शेड झाल्या. तू ऐकलंस आणि म्हणालास, "अरेरे. गावोगाव कीर्तिस्तंभ उभारायची संधी आली होती रे तुला."

मी हरलो नाही मात्र. वर्षानुवर्षं दर संध्याकाळी गॅलरीत तू तुझे धातू काढायचास आणि मी माझे. तू म्हणायचास सांगणं, मी म्हणायचो लौकिक. तू थांबणं, मी उंची. वहिनी म्हणायच्या, "दोघांचं पेन्शनीचं वय झालं, आता तरी मिटवा." आणि त्या शेवटच्या संध्याकाळी मला अखेर तो प्रश्न सुचला. तुला खिंडीत गाठणारा. मी म्हणालो, "कीर्ती म्हणजे सांगणं ना? मग तोंड आहे की! सांगा तोंडाने. त्याला स्तंभ कशाला लागतो? राजाने दगड कशाला चढवले एवढे?"

तू कप खाली ठेवलास. तोंड उघडलंस. माझ्याकडे बघून ते परत मिटलंस आणि हसलास. "उद्या सांगतो. आज तूच जरा डोकं चालव."

आणि सकाळी पाणी काढलेलं तसंच राहिलं.

मी किती चिडलोय तुझ्यावर, याची तुला कल्पना नाही. लोक म्हणतात, शरदभाऊ अजून सावरले नाहीत. सावरतोय कसला? प्रश्न माझा होता, आयुष्यातला एकुलता एक बिनतोड, आणि तू त्याला उत्तर न देता उठून गेलास. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे, हे तर आणखी वाईट. उत्तर होतं. मी पाहिलं ना, ते तोंडापर्यंत आलं होतं.

एवढं होऊन बेसण्यानंतर जयंतीभाई माझ्याजवळ आले. सेक्रेटरी म्हणून त्यांना काहीतरी करणं भागच होतं. म्हणाले, "शरदभाई, मधुभाईनी यादमां कंईक करवुं छे. थांभलो तो तैयार ज छे. एना पर तख्ती लगावी दइए, मधुकर कीर्तिस्तंभ. तख्ती तमारी शेडमां ज बने, ने?"

खांब माझा. काँक्रीट माझं. पोरगी माझी, फजिती माझी. आणि नाव तुझं, तेही माझ्याच शेडमध्ये कोरलेलं! घरात येऊन मी आदळआपट केली. सुधा म्हणाली, "द्या की. माणूस गेलाय."

"माणूस गेला म्हणून जाताना खांबही घेऊन जाणार का?"

ती तुझ्या घराकडे बघत राहिली. ते मला जास्तच लागलं.

मीटिंग खांबाखालीच झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, वहिनी सुधाच्या शेजारी. विरोध करायचा हे ठरवून मी उभा राहिलो, पण कशाच्या जोरावर ते ठरलं नव्हतं. सुरुवात इंजिनियरिंगने केली. "तख्तीमुळे खांबावर वाऱ्याचा दाब..." जयंतीभाई म्हणाले, "अरे शरदभाई, गरबाना चार चार भूंगळां लटके छे एना पर!" लोक हसले. मी पाणी प्यायलो. आणि मग, मध्या, माझ्या तोंडून काय बाहेर पडलं ते ऐक.

"नाव लिहू नका," मी म्हणालो. "कीर्ती म्हणजे नाव नव्हेच. कीर्ती म्हणजे सांगणं. कीर्तन शब्द त्यातूनच आलाय. नाव लिहिलं की येणारा ते वाचतो आणि चालायला लागतो. काही लिहिलं नसेल तर तो विचारेल, हे काय आहे? मग कोणाला तरी सांगावं लागेल. ते सांगणं म्हणजे कीर्ती." आणि मी थांबलोच नाही. शिलालेख काढले, तळी काढली, देवळं काढली. निम्मं मराठीत, निम्मं गुजरातीत. तुझा तो बोटं जुळवून हात पुढे करायचा चाळा असतो ना, तोसुद्धा मी करत होतो, हे मला हात पुढे गेल्यावर दिसलं.

वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. "भावजी," त्या म्हणाल्या, "हे त्यांच्यासमोर एकदा म्हणाला असतात तर!" आणि मग, "बरं झालं, म्हणाला नाहीत. मग संध्याकाळी तुमच्याकडे यायला त्यांना निमित्त काय उरलं असतं?"

खुर्च्या उचलताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, हीच वेळ आहे. "वहिनी, खरं सांगा. इतक्या वर्षांत मध्याला माझा कधी हेवा वाटला?"

वहिनींनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही हो, भावजी."

"कधीच नाही?"

"एकदा. तुमच्याकडे कलर टीव्ही आला तेव्हा."

तर, तख्ती झाली नाही. मी जिंकलो. तुझं नाव माझ्या खांबावर लागलं नाही. तुझाच अर्थ वापरून मी तुला माझ्या खांबावरून उतरवला. घरी जाऊन जेवायला बसलो तेव्हा कुठे लक्षात आलं की अख्ख्या सोसायटीसमोर मी कबूल काय केलंय. जयंतीभाईंनी जाता जाता विचारलंही होतं, "पण कोई पूछशे तो?" आणि मी ऐटीत म्हणालो होतो, "तो मने मोकलजो." माझ्याकडे पाठवा.

परवा उत्तरायण झालं. दरवर्षी तू गच्चीवर उंधियुंची प्लेट हातात धरून दुसऱ्यांच्या पतंगांवर टीका करायचास. मी गच्चीवर गेलो नाही. खाली दोन खुर्च्या टाकून एकीवर बसलो. समोरच्या इमारतीत एक मुलगी नवी राहायला आलीय, उत्तरेकडची, सावलीच्या कुठल्याशा कंपनीत इंजिनियर. तिचा पतंग खांबाला अडकला. ती खाली आली, दोरा ओढून पाहिला, सुटेना. मग मान वर करून खांबाकडे बघत राहिली. आजूबाजूला सगळं गाव ओरडतंय, "काय पो छे!", आणि ही आपली एकटी थांबलेली.

"अंकल," ती म्हणाली, "यह खंभा किसलिए है? इस पर तो बत्ती भी नहीं है।"

आणि त्या क्षणी मला तुझं उत्तर कळलं. स्तंभ कशाला लागतो ते. चालता माणूस अडावा, मान वर करावी, आणि विचारावं, एवढ्यासाठी. अडवतो म्हणून स्तंभ. तुझ्या मिटलेल्या तोंडात हेच होतं का? मी असं धरतो, की हे माझं मला सुचलं. तुझं असेल तर ये आणि सांग.

शेजारची खुर्ची मी तिच्याकडे सरकवली. "बैठो बेटा," मी म्हणालो. "मेरी लड़की की शादी थी. और हमारे एक गुरुजी थे. वो पूजा करते करते पीछे सरके, सरके, सरके, और सीधे खड्डे में गिर गए."

ती हसली. पदर असता तर तोंडाला लावला असता, अशी हसली.

आणि मी भुवया उंचावून थांबलो, तुझ्यासारखाच. पुढचं वाक्य दुसऱ्या खुर्चीतून यायचं असतं. ते वाक्य माझं होतं, आणि त्या खुर्चीत आता ते म्हणणारं कोणी नव्हतं.